विंगेतल्या माणसाचा विमादावा

कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं नाटकाच्या विंगेत अंधारात उभं राहून, वाक्य विसरलेल्या नटाच्या दिशेनं ते वाक्य हळूच सोडायचं, हा त्यांचा धंदा. म्हणून नाटकमंडळींनी त्यांना दिलेलं ते नाव. पुढं ते इतकं चिकटलं की इमारतीतले लोक, औषधवाला, पोस्टमन, सगळेच त्यांना कुजबुजेकाका म्हणू लागले. काकूंना मात्र या नावाचं हसू यायचं. "थिएटरात कुजबुजत असतील," त्या म्हणायच्या. "घरात यांचा चष्मा हरवू दे एकदा, मग ऐका. तिसऱ्या मजल्यावरचे लोक आपल्याकडे चष्मा शोधायला लागतात."

प्रॉम्प्टर म्हणजे कागद धरून वाचत बसणारा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी विंगेत पाऊल ठेवलेलं नसतं. कागद काय, कुणीही वाचेल. खरी विद्या आहे ती थांबणं आणि अडणं यांतला फरक ओळखण्याची. मोठा नट वाक्याच्या मध्ये मुद्दाम थांबतो, सातशे माणसांचा श्वास मुठीत धरून उभा राहतो. त्या क्षणी विंगेतून शब्द गेला तर प्रयोगाचं मातेरं. आणि तोच नट दुसऱ्या दिवशी त्याच जागी खरोखर अडतो, तेव्हा शब्द अर्ध्या श्वासात पोचला नाही तर त्याची अब्रू जाते. कुजबुजे हे नटाच्या मानेवरून ओळखत. एका दौऱ्यात नायिका तापानं फणफणली होती. तिसऱ्या अंकातली सलग तीन पानं त्यांनी शब्द न् शब्द तिला पुरवली आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागला नाही. पडदा पडल्यावर लोक फुलं घेऊन तिच्याकडे धावले. हे आपले सुटी पानं दोऱ्यानं बांधत बसलेले. "आज सगळं तुम्हीच बोललात की हो!" कुणीतरी म्हणालं, तर हे चिडले. "मी कुठं बोललो? ती बोलली."

विंगेतलं बोलणं त्यांच्या लेखी बोलणंच नव्हतं. ते ज्याच्या तोंडून बाहेर पडलं, त्याचं झालं.

अशा माणसाला म्हातारपणी एक क्रेडिट कार्ड मिळालं आणि कार्डाबरोबर बत्तीस पानांची एक पुस्तिका. त्याचं असं झालं, की कुजबुज्यांची थोरली बहीण, अक्का, मुलापाठोपाठ परदेशात जाऊन राहिलेली. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, आणि नाटकाच्या नादाला लागला म्हणून लाटण्यानं बडवलंही. आता ती ऐंशीला टेकली होती आणि फोनवर एकच धोशा, "एकदा येऊन जा रे. मी काय आता तिकडे येत नाही." दोघा नवरा-बायकोनं सहा वर्षं पैसे साठवले. सोबतीला काकूंचा धाकटा भाऊ निघाला. हे मेहुणे म्हणजे आयुष्यभर प्रवासी बस चालवलेला माणूस. अक्काचं गाव विमानतळापासून चार तासांवर, तिचा मुलगा कामामुळे दूर दुसऱ्या शहरात. तेव्हा तिथं गाडी भाड्यानं घ्यायची आणि मेहुण्यांनी ती चालवायची असं ठरलं.

"कार्डावरून भाडं भरलंत तर गाडीचा विमा फुकट," कार्ड देणाऱ्या टायवाल्या तरुणानं सांगितलं होतं. फुकट हा शब्द ऐकला की कुजबुज्यांच्या कपाळावर आठी पडायची. त्यांनी पुस्तिका काढली, भिंग घेतलं आणि चार दिवस वाचन केलं. लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. भाड्याचा पैसा न् पैसा त्याच कार्डावरून गेला पाहिजे. गाडी देणारा जो स्वतःचा विमा गळ्यात मारू पाहतो, तो नाकारला पाहिजे. तो घेतला की कार्डाचा विमा बाजूला झाला. विमा भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा; दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याची गाडी मोडली तर त्याचा या विम्याशी संबंध नाही, ते वेगळं घ्यायचं. काच आणि टायर वगळून. एकतीस दिवसांच्या वर एक दिवस गेला तर सगळंच रद्द.

"हे विमा देतायत की काढून घेतायत?" काकूंनी विचारलं.

तेविसाव्या पानावर मात्र गाडं अडलं. तिथं लिहिलं होतं, 'कार्डधारक हा मुख्य भाडेकरू असला पाहिजे.' मुख्य भाडेकरू म्हणजे काय? तर खाली मुंगीएवढ्या अक्षरात, 'व्याख्यांसाठी स्वतंत्र दस्तऐवज पाहावा.' तो दस्तऐवज पाकिटात नव्हता. आता बत्तीस पानं छापणाऱ्यांना तेहतिसावं छापायला काय धाड भरली होती? चाळीस वर्षांत कुठल्या नाटककारानं नायकाची शेवटची ओळ दुसऱ्या वहीत लिहून ठेवल्याचं कुजबुज्यांनी पाहिलं नव्हतं.

म्हणून त्यांनी फोन केला. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. पंचवीस मिनिटं पेटीवाल्या संगीतानंतर एक मुलगी बोलली. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी आपल्या वहीत, प्रयोगाच्या नोंदी करायचे तसं, तारीख-वेळेसह लिहून घेतलं: 'बाई म्हणाल्या, करारावर कार्डधारकाचं नाव असलं काय किंवा सोबतच्या चालकाचं असलं काय, भाडं कार्डावरून भरलंय तर विमा लागू.' खाली दोन रेघा ओढल्या. दोन रेघा म्हणजे पाठ पक्का.

तिकडच्या विमानतळावरच्या खिडकीत गुळगुळीत दाढीचा एक माणूस बसला होता. त्यानं विमा विकायला काय काय भीती घातली! वाकलेले दरवाजे, फुटलेले दिवे, कुठल्याशा म्हाताऱ्याचं विकलेलं घर. मेहुणे मोडक्या-तोडक्या भाषेत समजून घेऊन सांगत होते आणि मधूनच स्वतः पांढरे पडत होते. "भावजी, घेऊन टाकू या का?"

"अजिबात नाही," कुजबुजे म्हणाले. "घेतला की आपला जातो. पान अकरा."

मग त्या माणसानं विचारलं, करार कुणाच्या नावानं? मेहुण्यांनी यांच्याकडे पाहिलं. कुजबुजे म्हणाले, "तुमचंच लिहा. गाडी तुम्ही चालवणार." आणि आपण दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, खांबाच्या आडोशाला. कार्ड तेवढं पुढं केलं. गाडी ताब्यात घेताना तिचे बावीस फोटो काढले, आरशाच्या मागच्या बाजूचासुद्धा.

अक्काकडे अठरा दिवस कसे गेले ते कळलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी येशील?" आणि यांनी दिलं वचन. जमवलेल्या पैशातून काटकसर करून पुढच्या वर्षीच्या दोन तिकिटांपुरती रक्कम त्यांनी शिल्लक ठेवलीच होती. अक्कानं ते मनावर घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर पेनानं मोठं वर्तुळ काढलं.

त्याच दुपारी तिची औषधं आणायला म्हणून गाडी औषधाच्या दुकानासमोर उभी केली. आखलेल्या चौकटीत, रेषेला रेष धरून. बाहेर आले तो मागचा दरवाजा आत गेलेला आणि बंपर जमिनीला टेकलेला. ठोकणारा पसार. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मेहुणे डोकं धरून फूटपाथवर बसले. "बत्तीस वर्षं बस चालवली, भावजी. आरसा कधी घासला नाही. आणि अपघात झाला तो मी खोकल्याचं औषध घेत असताना!"

कुजबुजे शांत होते. पोलिसांकडे नोंद, फोटो, गाडीवाल्याला खबर, सगळं पुस्तिकेच्या क्रमानं केलं. परतल्यावर दहा दिवसांच्या आत कागद पाठवले. तोवर गाडीवाल्यानं कार्डावरून पैसे काढून घेतलेच होते. दुरुस्ती, गाडी दुरुस्तीत पडून राहिली त्या दिवसांचं भाडं आणि वर 'कागदपत्रं हाताळण्याचं शुल्क'. अक्काकडे जायच्या दोन तिकिटांची रक्कम नेमकी तेवढीच होती.

"विमा देईल," कुजबुजे म्हणाले.

उत्तर आलं चार ओळींचं. 'करारावर मुख्य भाडेकरू म्हणून आपलं नाव नसल्यानं दावा नामंजूर. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.'

तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी उभी होती! चालवत कुणीच नव्हतं! रिकाम्या गाडीला दुसऱ्यानं धडक दिली, तिथं कागदावर पहिलं नाव मेहुण्याचं असलं काय, आपलं असलं काय, त्या बंपरला काय फरक पडतो? कुजबुजे पत्र घेऊन घरभर फिरले. मोलाचे! मोलाचा माणूस असा दारातून हाकलतात? "मला त्या बाईंनी सांगितलंय," ते ओरडले, आणि यावेळी खरोखर तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. "सांगितलंय! माझ्याकडे तारीख आहे, वेळ आहे. हे लोक फोन ध्वनिमुद्रित करतात ना? ऐकवा म्हणावं!"

दोन महिने पत्रं लिहून झाल्यावर त्यांना बोलावणं आलं. तक्रारींचं कार्यालय चौथ्या मजल्यावर, काचेच्या खोल्यांचं. नवरा-बायको नेसून-सवरून गेले. समोर एक चाळिशीच्या अधिकारी बाई बसल्या होत्या. थकलेल्या, पण पाणी विचारण्याइतकी माणुसकी शिल्लक असलेल्या. त्यांनी संगणकाला छोटा स्पीकर जोडला.

"काका, तुम्ही म्हणताय तो फोन सापडला. ऐकू या."

कुजबुज्यांनी वही उघडून बोट ठेवलं. काकूंनी पदर सावरला, जणू निकाल लागायचा आहे.

स्पीकरमधून त्यांचाच प्रश्न आला. मग त्या मुलीचा कोवळा आवाज. "सर, कार्डधारकाचं नाव करारावर मुख्य भाडेकरू म्हणून…"

आणि आवाज थांबला.

मागे कागद उलटल्याचा आवाज होता. एक श्वास घेतला गेला आणि सोडला गेला नाही. कुजबुज्यांनी वहीवरचं बोट उचललं. मुलगी थांबली नव्हती, अडली होती. हे त्यांना त्या दिवशी फोनवरही कळलं असणार. कारण लगेच एक दुसरा आवाज आला, खालच्या पट्टीतला, भावना नसलेला, प्रत्येक अक्षर सुटं.

"…असलं काय किंवा सोबतच्या चालकाचं असलं काय, भाडं कार्डावरून भरलंय तर विमा लागू."

"हो सर," मुलगी सुटका झाल्यासारखी म्हणाली. "भाडं कार्डावरून भरलंय तर विमा लागू."

काकूंनी हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, हा तुमचा आवाज आहे."

कुजबुजे वहीकडे बघत राहिले. वहीत हे वाक्य नव्हतं. म्हणजे होतं, पण बाईंचं म्हणून. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हातानं नोंदी केल्या, त्याच हातानं केली होती. विंगेतलं वाक्य विंगेत राहिलं, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं ते तिचं झालं. स्वतःला हवं असलेलं उत्तर त्यांनी स्वतःच तिच्या कानात सोडलं होतं आणि तिनं ते घेतलं होतं. त्या नायिकेनं तापात घेतलं होतं, तसंच.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"एक मिनिट, काका." अधिकारी बाई पुढं झुकल्या. "नियमानं बघायला गेलं तर ती 'हो' म्हणाली आहे. प्रतिनिधीनं चुकीची माहिती दिली, अशी तक्रार तुम्ही तिच्या नावानं नोंदवलीत, तर पूर्ण रक्कम मिळू शकते. फॉर्म माझ्याकडे आहे."

काकूंचा हात लगेच पेनाकडे गेला. "करा सही."

"आणि त्या मुलीचं काय?" कुजबुज्यांनी विचारलं.

"ती आमची अंतर्गत बाब आहे."

"अंतर्गत म्हणजे?"

बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "नवीन आहे ती. अजून कायम झालेली नाही."

"कोण कुठली ती मुलगी!" काकूंनी पेन उचललं. "मला तिचं वाईट वाटत नाही असं नाही हो. पण अक्का आपली आहे. ऐंशी वर्षांची आहे. भिंतीवर वर्तुळ काढून बसली आहे ती. पुढच्या वर्षी नाही गेलो तर कधी जाणार?"

कुजबुज्यांनी फॉर्म वाचला. वरपासून खालपर्यंत, भिंगातून. मग अधिकारी बाईंना विचारलं, "मी फोन केला तेव्हा तिच्यासमोर काय होतं?"

"म्हणजे?"

"माझ्यासमोर बत्तीस पानं होती. तिच्यासमोर किती?"

"नेहमीच्या प्रश्नांची यादी असते. एक पान."

"एक पान!" कुजबुजे उठून उभे राहिले. शेजारच्या काचेच्या खोलीतली माणसं वळून बघायला लागली. "बत्तीस पानांचं नाटक, त्यातलं एक पान हातात देऊन तुम्ही त्या पोरीला रंगमंचावर ढकलता? तालीम नाही, विंगेत माणूस नाही! आणि ती अडली की प्रेक्षकातला म्हातारा तिला वाक्य सांगतो, ती ते म्हणते, आणि मग तुम्ही म्हणता हिला काढा? अहो, आमची मंडळी फाटकी होती. सतरंजीवर झोपायची. पण नट अडला म्हणून आम्ही कुणाला घरी पाठवलं नाही. व्याख्या एका वहीत, नियम दुसऱ्या वहीत, आणि खापर कुणाच्या डोक्यावर? जिला सगळ्यात कमी पगार तिच्या!"

"काका, बसा. मी नियम केलेले नाहीत."

"तुम्ही नाही केलेत, मला माहीत आहे. कुणी केलेत तेच कधी समोर येत नाही." ते बसले. "मी तक्रार लिहिणार आहे. तुमच्या फॉर्मवर नाही. कोरा कागद द्या."

त्यांनी लिहिलं. स्वतः मधे बोलल्याचं लिहिलं, जसंच्या तसं, दोन रेघांसकट. मुलीसमोर एकच पान होतं हेही लिहिलं. तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, तिला शिक्षा झाली तर ती माझ्या नावावर होईल आणि मला ती मान्य नाही, हे लिहिलं. मुख्य भाडेकरू म्हणजे करारात ज्याचं नाव पहिलं तो, आणि चालवणारा दुसरा असेल तर त्याला जादा चालक म्हणून लिहावं, हे साधं वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापा, असं लिहून त्यांनी ते वाक्य कसं छापायचं तेही करून दाखवलं. शब्द अठरा. त्या अठरा शब्दांपायी माझी बहीण वाट बघते आहे, असं शेवटी लिहिलं आणि सही केली.

परतताना बसमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तीन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "तुम्ही बरोबर केलंत. पण मी आज तुमच्याशी बोलणार नाहीये."

"बरं."

"उद्याही कदाचित."

सहा आठवड्यांनी पत्र आलं. 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सदिच्छा म्हणून' अर्धी रक्कम जमा करत आहोत. मुलीबद्दल एक अक्षर नाही. कुजबुज्यांनी त्या कार्यालयात फोन लावून अधिकारी बाईंनाच गाठलं. ती मुलगी अजून आहे का, एवढंच विचारलं. "आहे," बाई म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून पुढं म्हणाल्या, "आता पाच पानं दिली आहेत."

"बत्तीसपैकी पाच!" त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा पेटले. सदिच्छा म्हणे! लाल पेन्सिलीनं त्यांनी त्या शब्दाभोवती असा गोल ओढला की कागद फाटला.

काकूंनी पत्र हातातून घेतलं आणि आकडा वाचला. "एक तिकीट येतं यात."

दोघंही एकदमच बोलले.

"तू जा."

"तुम्ही जा. बहीण तुमची आहे."

"मला तिथं एकट्याला रस्ता ओलांडता येत नाही. आणि ती माझ्याशी भांडते, तुझ्याशी बोलते."

वाद अक्काकडे गेला. फोनवर तिनं सगळी हकिकत ऐकून घेतली, ध्वनिमुद्रणापर्यंत हसली आणि पुढं हसायची थांबली. "सदिच्छा?" ती म्हणाली. "कुणाच्या बापाची? गाडी ठोकली दुसऱ्यानं, पैसे गेले तुझे, आणि इच्छा चांगली यांची!" मग म्हणाली, "तिला पाठव. या वर्षी ती येऊ दे. तू पुढं कधीतरी."

"पुढं कधी?"

"मरायची घाई मला नाही, तुला आहे का? आणि तिला सांग, बसनं ये म्हणावं. माझा मुलगा रजा काढून थांब्यावर येईल. आला नाही तर मी बघते त्याच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू तिकिटाच्या दुकानात जायला निघाल्या, तेव्हा कुजबुजे टेबलाशी बसून लिहीत होते. त्यांनी वाचून दाखवलं: 'आपण पाठवलेली अर्धी रक्कम मिळाली, ती माझ्या हक्काची होती म्हणून ठेवून घेत आहे. उरलेली अर्धी येणं बाकी आहे. सदिच्छा हा शब्द सोबत परत पाठवत आहे.' आणि खरोखरच फाटलेल्या कागदातला तो गोल कात्रीनं कापून त्यांनी पाकिटात घातला.

"चला," काकू चप्पल घालत म्हणाल्या, "पोस्ट वाटेतच आहे."